टिकलं म्हणजे चांगलं असं नाही: जीन, टोमॅटो, बाजरी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की अन्न टिकवण्यासाठी जे जीन-बदलाचं काम चाललंय त्याबद्दल काहीही विचारा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअप मेसेज एवढे आलेत की सगळी उत्तरं एका अंकात बसणार नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून फक्त गाव ठेवलंय. सुरुवातीलाच एक सांगते कारण निम्म्या पत्रांत तीच गल्लत दिसली. अन्न ताजं दिसणं वेगळं, ते टिकणं वेगळं आणि ते खायला सुरक्षित असणं तर त्याहून वेगळं. जीनच्या तंत्रांचा पैसा आणि गाजावाजा पहिल्या दोन गोष्टींवर झाला, आणि आपल्याकडे खरी गरज तिसरीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे, ते खालच्या उत्तरांत दिसेलच.

डोंबिवलीहून एक काकू: ताई, हल्ली टोमॅटो दहा-पंधरा दिवस ओट्यावर राहिले तरी मऊ पडत नाहीत, पूर्वी चार दिवसांत पाणी सुटायचं. सुनेला मेसेज आलाय की ह्यात माशाचा जीन घालतात म्हणून टिकतात. आमच्या घरात मासे चालत नाहीत, मग टोमॅटो बंद करायचे का?

नाही हो काकू, निर्धास्त खा. आपल्याकडे जीएम, म्हणजे जीन बदललेले, टोमॅटो लावायला आणि विकायला परवानगीच नाहीये. नारायणगाव नाहीतर पिंपळगाव बसवंतच्या मार्केटातून जे क्रेट मुंबईकडे येतात ते साधे हायब्रीड वाण असतात, जाड सालीचे, घट्ट गराचे, कमी रसाचे, कारण ट्रकमधे एकावर एक क्रेट रचून शेकडो किलोमीटर आणायचं तर रसाळ पातळ सालीचा टोमॅटो टिकणारच नाही. शिवाय ते नुकता रंग फुटायला लागला की तोडतात, पूर्ण लाल होतात ते वाटेत आणि तुमच्या ओट्यावर.

माशाची गोष्ट अगदीच हवेतून आलेली नाहीये, म्हणून ती इतकी वर्षं फिरतेय. १९९१ च्या सुमारास अमेरिकेत एका कंपनीने बर्फाळ पाण्यात राहणाऱ्या फ्लाउंडर माशाचा जीन टोमॅटोत घालून बघितला होता, उद्देश असा की हिमकणांनी पीक जळू नये. तो प्रयोग जमला नाही आणि तो टोमॅटो कधीच कुठल्याच दुकानात आला नाही. मेसेज मात्र अजून येतोय.

दुकानात आला तो वेगळा टोमॅटो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावच्या कॅल्जीन कंपनीचा 'फ्लेवर सेव्हर', मे १९९४ मधे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, मान्य केलेला, आणि जीन-बदल करून विकायला आलेलं ते पहिलं अख्खं फळ. ह्यात दुसऱ्या प्राण्याचा वगैरे जीन नव्हता. टोमॅटो पिकताना पेशींच्या भिंतीतलं पेक्टिन तोडणारं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम घडवून आणणारं प्रथिन, तयार होतं, त्याचाच जीन उलटा करून परत आत घातला, त्यामुळे ते एन्झाइम अगदी कमी बनायला लागलं आणि फळ हळू मऊ पडायला लागलं. कागदावर सगळं उत्तम. पण ज्या वाणात हा बदल केला त्याचं उत्पन्न कमी, झाडावर लाल होऊ दिलेलं फळ हिरव्या टोमॅटोसाठी बनवलेल्या यंत्रांत चेंगरायचं, खर्च वाढत गेला आणि १९९७ पर्यंत तो बाजारातून गेलासुद्धा. इंग्लंडमधे ह्याच धर्तीच्या दुसऱ्या टोमॅटोची पेस्ट १९९६ पासून दोन मोठ्या सुपरमार्केटात होती, डब्यावर स्पष्ट लिहिलेलं की जीन बदललेला आहे, भाव साध्यापेक्षा कमी, आणि लोक चक्क घेत होते. १९९९ मधे तिकडे जीएमविरोधी वातावरण तापलं आणि डबे गेले. मला ह्यातलं डब्यावर लिहिलेलं होतं हे फार महत्त्वाचं वाटतं. लोकांना सांगून विकलं तेव्हा लोक पळाले नव्हते.

मग जगभरात लांब टिकणारे टोमॅटो येतात कुठून, तर बऱ्याच हायब्रीडमधे 'रिन' नावाचा एक नैसर्गिक बदल वापरलेला असतो, तो १९६० च्या दशकात असाच शेतात उगवलेल्या झाडांत सापडला होता. ह्या बदलामुळे फळाला पिकण्याची सूचनाच नीट मिळत नाही. दोन्ही पालकांकडून तो आला तर फळ पिवळट राहतं आणि पिकतच नाही, एकाकडून आला तर पिकतं पण सावकाश, आणि मग रंग, वास, चव सगळंच थोडं फिकं. आपल्याकडेही काम झालंय बरं का. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेत असिस दत्ता यांच्या टीमने २०१० मधे पिकताना काम करणारी दोन एन्झाइम दाबली आणि टोमॅटो ४५ दिवसांपर्यंत घट्ट राहिले, साधे १५ दिवसांत सुरकुतले. तो काही बाजारात आलेला नाहीये.

आणि काकू, पिकलेले टोमॅटो फ्रीजमधे नका ठेवू. २०१६ मधे अमेरिकेत दाखवून दिलंय की पाच अंश थंडीत आठवडाभर ठेवले की वास तयार करणाऱ्या जीनवर रासायनिक खुणा बसतात, जीन बंद पडतात, आणि बाहेर काढल्यावर चव पूर्ण परत येत नाही.

पुण्याहून: कापलेलं सफरचंद डब्यात काळं पडतं म्हणून मुलगी खात नाही. परदेशात न काळं पडणारं सफरचंद मिळतं म्हणे, ते इकडे कधी येणार?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या एका छोट्या कंपनीने ते केलंय, 'आर्क्टिक' नावाचं, अमेरिकेने फेब्रुवारी २०१५ मधे मंजूर केलं. फोडी काळ्या करणारं एन्झाइम त्यात जवळजवळ बनतच नाही. इकडे ते येणार नाही, कारण एफएसएसएआय ह्या आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे मार्च २०२१ पासून २४ पिकांच्या आयातीला जीएम नसल्याचं सर्टिफिकेट लागतं आणि त्यात सफरचंद आहे. लिंबू पिळा, तेवढंच काम होतं. काळी पडलेली फोड वाईट नसते आणि पांढरी राहिलेली फोड चांगलीच असेल असंही नाही, जंतू रंग बघून वाढत नाहीत.

निफाड तालुक्यातून एक शेतकरी: लासलगावला कांद्यावर किरण मारतात, मोड येत नाहीत म्हणतात. हे पण जीन बदलणंच झालं ना?

दादा, लासलगावचं 'कृषक' केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राचं आहे, २००२ पासून चालू. तिथे गॅमा किरणांचा अगदी कमी डोस देतात, त्याने कोंबाच्या पेशींतला डीएनए तुटतो, पेशी विभागू शकत नाहीत म्हणून मोड येत नाही. म्हणजे डीएनएवर परिणाम होतो हे तुमचं बरोबर, पण ते त्या कांद्यापुरतं, नवीन जीन घातलेला नसतो आणि कांदा किरणोत्सारीही होत नाही. पॅकेटवर किरण दिल्याचं चिन्ह आणि मजकूर असणं कायद्याने बंधनकारक आहे. मात्र किरणांनी मोड थांबतात, सड थांबत नाही, ओला किंवा मार लागलेला कांदा सडणारच. तुमच्यासाठी त्याहून कामाचं म्हणजे वाण. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राचे भीमा किरण, भीमा शक्ती हे रब्बीचे वाण चांगल्या हवेशीर चाळीत पाच-सहा महिने राहतात आणि ते साध्या निवडीतून आलेत.

बार्शी तालुक्यातून एक दादा: आमच्याकडे हिवाळाभर बाजरीची भाकरी असते. मुलाला पुण्यात पीठ पाठवतो तर आठ-दहा दिवसांत कडू होतं, वास येतो. गव्हाचं तर महिना-महिना राहतं. ह्यावर काही शास्त्र आहे की नाही?

दादा, ह्या पूर्ण ढिगाऱ्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न तुमचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाजरीच्या दाण्यात साधारण पाच टक्के किंवा थोडं जास्तच तेल असतं, गव्हापेक्षा बरंच जास्त, आणि ते मुख्यतः अंकुराच्या भागात. त्याच दाण्यात तेल फोडणारं लायपेज नावाचं एन्झाइमही असतं. दाणा अख्खा असतो तोवर दोघं आपापल्या जागी, म्हणून बाजरी कणगीत महिनोन्‌महिने चांगली राहते. गिरणीत दळली की दोघांची गाठ पडते, पीठ गरमही झालेलं असतं, आणि तिथूनच तेलाचे तुकडे पडायला सुरुवात. त्या सुट्या फॅटी अॅसिडची मग हवेशी गाठ पडते आणि कडूपणा वाढत जातो. वासाचं कारण काही अंशी दाण्यातली रंगद्रव्यंही असतात. हे बिघडणं जंतूंमुळे नसतं, म्हणून डबा कितीही स्वच्छ ठेवला तरी होतंच, सुनेला किंवा मुलाला दोष देऊ नका.

आता शास्त्र. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, कोरडवाहू पिकांवर काम करणारी. तिथल्या संशोधकांनी बाजरीचे वेगवेगळे वाण दळून कुठलं पीठ किती लवकर कडू होतं हे तपासलं, आणि काही वाणांत तेल फोडणारे दोन जीन निसर्गतःच बिघडलेले सापडले, २०२२ मधे ते प्रसिद्ध झालं. बिघडलेला जीन ऐकून घाबरायला होतं पण इथे तो बिघाडच आपल्या उपयोगाचा आहे, एन्झाइम नीट काम करत नाही म्हणून पीठ जास्त दिवस गोड राहतं. ह्यात बाहेरचं काही घालायची गरज नाही, साध्या संकराने हा गुण आपल्या ओळखीच्या वाणात नेता येतो, फक्त कुठल्या रोपात तो आलाय हे डीएनए टेस्टने रोपाच्या पानावरूनच कळतं, त्यासाठी पीक येऊन दळण करून वाट बघत बसावं लागत नाही.

मला हे काम फ्लेवर सेव्हरपेक्षा दहा पटीनं मोलाचं वाटतं. बाजरीत लोह आहे, जस्त आहे, ती कमी पाण्यात येते, २०२३ हे तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, भाषणं झाली, आणि तरी शहरातल्या माणसाला बाजरी खायची तर दर आठवड्याला गिरणीत जावं लागतं. दुकानदार पीठ ठेवत नाही कारण ते परत येतं. पीठ दोन-तीन महिने राहिलं तर सोलापूर, नगर, धुळे, बीडच्या शेतकऱ्याच्या बाजरीला शहरात खरंखुरं गिऱ्हाईक मिळेल.

तोपर्यंत घरी करायचं ते असं. बाजरी दळायच्या आधी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच काढा आणि कडक उन्हात पूर्ण, अगदी कडकड वाजेपर्यंत वाळवा, उष्णतेने लायपेज बऱ्यापैकी मरतं. ओलसर राहिली तर मात्र बुरशी येईल आणि ती कडूपणापेक्षा वाईट. हे जमत नसेल तर मंद आचेवर दाणे भाजून दळा, चव थोडी बदलते. आणि मुलाला पीठ न पाठवता दाणेच पाठवा, पुण्यात गिरण्या आहेत.

कराडजवळून तेलघाणा चालवणारे एक दादा: लाकडी घाण्याचं तेल म्हणून लोक लांबून येतात. एक गिऱ्हाईक म्हणाला शेंगदाण्याच्या बुरशीत विष असतं आणि ते घाण्याच्या तेलात उतरतं. खरं का? आणि बुरशी लागलेले दाणे भाजून चटणीला वापरले तर चालतात ना?

दुसऱ्याचं उत्तर आधी. चालत नाहीत. भाजून नाही, तळून नाही, उन्हात घालून नाही. त्या बुरशीचं नाव अॅस्परजिलस फ्लेव्हस, हिरवट-पिवळी दिसते, आणि ती जे अफ्लाटॉक्सिन सोडते ते भाजण्याच्या तापमानाला पूर्ण जात नाही. बुरशी मरते, विष राहतं. यकृताच्या कॅन्सरचं ते सिद्ध झालेलं कारण आहे, आणि कावीळ-ब झालेल्या माणसाला धोका कितीतरी पट वाढतो. १९७४ च्या शेवटी राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन ३९७ लोक आजारी पडले आणि १०६ गेले. बहुतेक आदिवासी घरं, दुसरं धान्यच नव्हतं घरात. मी शिकवताना दर वर्षी हे सांगते कारण पुस्तकात ते दोन ओळींत संपतं आणि मुलांना वाटतं बुरशी म्हणजे फक्त वास.

आता तेल. दाणे दाबले की विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, पण थोडा तेलातही येतो, आणि घाण्याचं तेल फक्त गाळलेलं असतं, रिफाइंड तेलात जी अल्कलीची प्रक्रिया असते तिने ते विष निघून जातं तशी सोय घाण्यात नाही. म्हणून तुमचं तेल किती सुरक्षित हे पूर्णपणे तुम्ही दाणे कसे निवडता ह्यावर आहे. सुरकुतलेला, काळपट, कीड लागलेला, बुरशीचा दाणा हाताने काढून टाकायचा, आणि तो पेंडीतही नाही, गुरांच्या पुढ्यातही नाही, कारण पेंडीतून ते गाईच्या पोटात आणि तिथून दुधात उतरतं. आपल्याकडे दाण्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आणि दुधात ०.५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. हे एवढं कमी की डोळ्यांना, जिभेला काही कळणारच नाही, लॅबमधूनच तपासून घ्यावं लागतं. दादा, दर हंगामात एक तरी सँपल तपासा आणि तो रिपोर्ट दुकानात लावा, लांबून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा तो हक्क आहे.

जीनचा संबंध इथे येतो. बुरशी गोदामात लागते असं आपण समजतो, पण भुईमुगात ती जमिनीतच शिरते, विशेषतः शेंगा भरताना पावसाने ताण दिला तर. म्हणजे चांगली साठवण अर्धंच काम करते. इक्रिसॅटनेच अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर भुईमुगात दोन वेगवेगळ्या वाटांनी नाकाबंदी करून बघितली, एक म्हणजे बुरशीची वाढ रोखणारी, दुसऱ्या वनस्पतींतून घेतलेली प्रथिनं, आणि दुसरं म्हणजे दाण्यातून बुरशीत जाणारे छोटे आरएनए, म्हणजे डीएनएसारखेच निरोपाचे तुकडे, जे तिचे विष बनवणारे जीनच बंद पाडतात. मुद्दाम बुरशी सोडूनही ह्या दाण्यांत विष अगदी नगण्य निघालं. आफ्रिकेत दुसरी वाट घेतलीये, तिथे ह्याच बुरशीच्या विष न बनवणाऱ्या स्थानिक जाती डीएनए बघून निवडतात आणि त्या शेतात सोडतात, त्या विषारी बुरशीला जागाच मिळू देत नाहीत. ह्यात पिकाचा जीन बदलत नाही. आणि बीटी मक्याबद्दल, म्हणजे अळीला मारणारा जंतूचा जीन घातलेल्या मक्याबद्दल, इटलीतल्या संशोधकांनी २०१८ मधे २१ वर्षांचे जगभरचे आकडे एकत्र करून दाखवलं की अळीने कणसं पोखरली नाहीत की बुरशीचं विष साधारण तीस टक्क्यांनी कमी येतं, अळीची भोकं हीच बुरशीची वाट असते.

भुईमुगाचा तो वाण आपल्या शेतात आलेला नाहीये. मला वाटतं की जीएमवर एवढं भांडण होतं, त्यातलं थोडं तरी ह्या भुईमुगावर व्हावं. ज्या घरात तोंडी लावायला शेंगदाण्याची चटणी रोज असते तिथल्या पोराच्या यकृताचा प्रश्न आहे हा, शोकेसमधल्या चकचकीत टोमॅटोचा नाही.

हँबुर्गहून एक वाचक: इथे ऑफिसात मटकीची उसळ नेली तर जर्मन कलीग मोड बघूनच मागे सरकले. २०११ ची गोष्ट सांगतात. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या मोड खातोय!

तुमच्या कलीगचं चुकलं नाहीये. मे ते जुलै २०११ मधे उत्तर जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या ओ१०४:एच४ ह्या प्रकाराची साथ आली, जवळपास चार हजार लोक आजारी, पन्नासच्या वर मृत्यू, शेकडो लोकांच्या किडन्या बंद पडल्या, त्यातही तरुण बायका जास्त. तुमच्याच हँबुर्गमधून पहिल्यांदा जाहीर झालं की स्पेनची काकडी कारण आहे. युरोपभर काकडी फेकून दिली गेली, स्पेनच्या शेतकऱ्यांचं कोट्यवधींचं नुकसान झालं. काही दिवसांतच जंतूच्या जीनची तपासणी झाली आणि काकडीवरचा जंतू वेगळाच निघाला. शेतकरी निर्दोष ठरला तो डीएनएमुळे, पण तोपर्यंत माल कुजला होता.

जूनच्या सुरुवातीला चीनमधल्या प्रयोगशाळेने आणि हँबुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयाने मिळून त्या जंतूचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, काही दिवसांत वाचला, आणि कळलं की आतड्याला चिकटून राहणाऱ्या एका जंतूने विष बनवणारा जीन उचललाय, म्हणून तो एवढा घातक. कुठून आला हे मात्र जीनोमने सांगितलं नाही. ते सापडलं हॉटेलांची बिलं, कोणी कुठली डिश मागवली, स्वैपाक्याने त्यात काय काय घातलं होतं हे चिकाटीने विचारून. सगळ्या वाटा लोअर सॅक्सनीतल्या एका मोड विकणाऱ्या शेतावर गेल्या आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर. त्याच जूनमधे फ्रान्समधे बोर्दोजवळ माणसं आजारी पडली, जंतू तोच, बियांची खेपही तीच.

मेथी! आपल्या घरातली. मोड येण्यासाठी आपण जे देतो, ऊब, ओल आणि वेळ, तेच जंतूलाही हवं असतं, बियांवर मूठभर असतील तर रात्रीत कोटी होतात. आपली उसळ वाचते कारण ती शिजते. मटकीची मिसळ, वालाचं बिरडं, मुगाची उसळ नीट उकळली की प्रश्न मिटतो. कच्चे मोड लिंबू पिळून खाणं, ते आरोग्याचं म्हणून हल्ली बरंच वाढलंय, ते गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं ह्यांनी टाळावं, किमान वाफवून घ्यावं. कलीगना उसळ गरम करून, वाफ येताना द्या.

दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मधे लिस्टेरिया ह्या जंतूची साथ आली, हजारावर रुग्ण, दोनशेच्या आसपास मृत्यू, तिथे मात्र जीनोमनेच वाट दाखवली. देशभरातल्या बहुतेक रुग्णांत एकाच प्रकारचा जंतू निघाला आणि तोच पोलोनी नावाच्या तयार मांसाच्या कारखान्यात सापडला. आपल्याकडे लग्नात, आश्रमशाळेत, मेसमधे विषबाधा झाली की बातमी येते, 'अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवले', आणि पुढे काय झालं हे कोणाला कळत नाही. जंतूचा जीनोम वाचणं आता पूर्वीसारखं महाग राहिलेलं नाही. प्रत्येक मोठ्या विषबाधेत ते व्हावं आणि निकाल लोकांसमोर यावा असं मला मनापासून वाटतं.

परभणीहून फूड टेक्नॉलॉजीचा विद्यार्थी: क्रिस्पर आणि जीएम एकच का? मॅडम, परीक्षेत येतं, सोपं करून सांगा.

एकच नाही. जीएममधे सहसा बाहेरचा जीन आत घालतात. क्रिस्परने त्याच जीवाच्या डीएनएत ठरवलेल्या जागी काप देता येतो, एखादा जीन बंद करता येतो, आणि शेवटी बाहेरचं काही शिल्लक राहीलच असं नाही. तुझ्या विषयाशी त्याचं नातं फार जवळचं आहे बरं, कारण क्रिस्पर हे जंतूंचं विषाणूंपासून वाचायचं साधन आहे हे पहिल्यांदा प्रयोगाने सिद्ध झालं ते दह्याच्या विरजणातल्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस जंतूवर, २००७ मधे, डॅनिस्को कंपनीच्या बारांगू आणि होर्व्हाथ यांच्या टीमकडून. विषाणू लागून विरजणाच्या बॅचेस वाया जायच्या, त्याचा शोध घेताना हे सापडलं. शार्पांतिए आणि डाउडना यांनी २०१२ मधे त्याची कात्री बनवली, २०२० मधे नोबेल.

टिकाऊपणासाठी उदाहरणं हवी असतील तर काळं न पडणारं मशरूम, पेन स्टेट विद्यापीठ, अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१६ मधे त्याला वेगळी परवानगी लागत नाही म्हटलं. काळं न पडणारं केळं, इंग्लंडच्या नॉरिचमधलं, फिलिपिन्सने २०२३ मधे मोकळं केलं. आपल्याकडे मार्च २०२२ मधे पर्यावरण मंत्रालयाने बाहेरचा जीन नसलेल्या अशा पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मधे भाताचे पहिले दोन वाण जाहीर झाले, 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १'. दोन्ही उत्पन्न आणि ताण सोसण्यासाठी आहेत, टिकाऊपणासाठी नाहीत, उत्तरपत्रिकेत तिथे चुकू नकोस.

यवतमाळ जिल्ह्यातून एक शेतकरी: तुम्ही शिकलेले लोक कंपन्यांची बाजू घेता. बीटी कापसाचं काय झालं आम्ही भोगलंय. आता खाण्यात पण तेच आणणार?

भाऊ, तुमचा राग मी बाजूला ठेवणार नाही. बीटी कापूस २००२ मधे आला, सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, मग गुलाबी बोंडअळी त्याला पचवायला शिकली आणि बियाण्याचा खर्च तुमच्याच माथी राहिला. लोकांना हेही सांगायला हवं की सरकीचं तेल आणि सरकीची पेंड ह्या वाटेने बीटी कापूस आपल्या अन्नसाखळीत आधीच आहे, तेलात जीन किंवा प्रथिन जवळपास नसतं हे खरं, पण ते सांगून झालेलं नाही हेही खरं. जालन्याच्या कंपनीचं बीटी वांगं ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी थांबवलं, बांगलादेशाने २०१३ मधे तेच लावायला मान्यता दिली. दोन्ही निर्णयांत लोकांसमोर सगळे कागद असायला हवे होते.

म्हणून माझी बाजू कंपनीची नाही आणि सरसकट नकाराचीही नाही. बाजरीचा तो गुण सरकारी संस्थेने सरळ वाणात द्यावा, ज्याचं बी तुम्ही घरी ठेवू शकाल, दर वर्षी विकत घ्यावं लागणाऱ्या हायब्रीडमधेच नको. अफ्लाटॉक्सिन रोखणारा भुईमूग आला तर त्याच्या सुरक्षिततेच्या चाचण्या कृषी विद्यापीठांनी स्वतः कराव्यात, कंपनीच्या फाइलवर सही करून नाही, आणि आकडे मराठीत छापावेत. पाकिटावर लिहिलेलं असावं. एवढं झालं आणि तरी तुम्ही नको म्हणालात तर तो तुमचा हक्क आहे, मी वाद घालणार नाही.

दूध, पनीर आणि चीजमधल्या रेनेटबद्दल बारा-पंधरा पत्रं राहिलीत, ती पुढच्या अंकात घेते.